दुर्बिणीतून उपग्रह आणि अवकाशातलं भंगार : कोण कोण बघतं?

गच्चीवाला

नमस्कार मंडळी,

ग्रहणं, धूमकेतू, उल्कावर्षाव यांवर इथे धागे भरपूर आहेत. पण दिवेलागणीनंतर तास-दीड तास डोक्यावरून जे सतत सरकत असतं त्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही. अवकाश स्थानक सगळ्यांनी पाहिलंय, स्टारलिंकची माळ पाहून निम्म्या महाराष्ट्राने व्हॉट्सॅपवर व्हिडिओ फिरवलेत. मला त्याच्या पलीकडचं म्हणायचंय.

साधी १०×५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या, अंधार पडल्यावर आकाशाच्या एका तुकड्याकडे पाच-दहा मिनिटं बघत राहा. एखादा तरी ठिपका सरकत जातोच. हे ठिपके चालू उपग्रहच असतील असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात, स्टारलिंक वगळले तर दुर्बिणीत सहज दिसणाऱ्यांपैकी कितीतरी म्हणजे रॉकेटच्या रिकाम्या टाक्या. उपग्रह सोडून दिला, काम संपलं, आणि वरचा टप्पा तिथेच राहिला.

यातले माझे लाडके म्हणजे सोव्हिएत झेनित रॉकेटचे दुसरे टप्पे. अवकाशातल्या वस्तूंच्या अमेरिकी यादीत ते 'एसएल-१६ आर/बी' असे दिसतात. लांबी साधारण ११ मीटर, व्यास जवळपास ४ मीटर, वजन रिकामं असतानाही आठ-नऊ टन. १९८५पासून पुढची वीस-बावीस वर्षं हे वर जात राहिले आणि त्यातले अठराएक आजही ८४० किमीच्या आसपास, विषुववृत्ताशी ७१ अंशांच्या कक्षेत फिरतायत. त्या उंचीवर हवा नावालाच, त्यामुळे ते आपणहून खाली यायला काही शतकं लागतील. इंजिन कधीच बंद पडलंय, रेडिओ मुका, कुणाचं ऐकत नाहीत. २०२० मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांच्या गटांनी मिळून सगळ्यात काळजी करण्यासारख्या ५० वस्तूंची यादी केली, तिच्यात वरच्या जागा बहुतेक याच टाक्यांनी अडवल्या होत्या. त्यातल्या दोन एकमेकांवर आदळल्या तर काय होईल याचा हिशोब करून ती यादी बनली.

म्हणजे सर्वांत धोकादायक भंगार आणि सर्वांत सहज दिसणारं भंगार हे एकच आहे. डोक्यावरून जाताना ते नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतं, दुर्बिणीत तर ठणठणीत. उलट 'अवकाश कचरा' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे बोल्ट-पत्र्याचे तुकडे येतात ते विसरा. दहा सेंटीमीटरचा तुकडा आठशे किमीवर आपल्या दुर्बिणीला जन्मात दिसणार नाही.

कोणी बघतं का? घड्याळ लावून, नोंद ठेवून? पद्धतीबद्दल बोलायला आवडेल.

टवाळ_पाखरू

डोंबिवलीत आम्हाला व्याध दिसला तरी सोसायटीत पेढे वाटतो. आमच्यासाठी काही स्कोप आहे का, की गाशा गुंडाळून अंधारासाठी वांगणी गाठायची?

मेधा_आपटीकर

मस्त धागा! वाचनखूण साठवली.

दुर्बीण कोणती घ्यावी? घरात बाबांची जुनी ७×५० आहे. १५×७० घ्यावी असा मोह होतोय.

गच्चीवाला

@टवाळ_पाखरू, शहरातून चालतं, हीच या छंदाची मजा आहे. दीर्घिका बघायला अंधार लागतो. टाकी चकाकते. तिसऱ्या-चौथ्या प्रतीची वस्तू (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) डोंबिवलीच्या गच्चीवरूनही दुर्बिणीत दिसेल. फक्त हॅलोजनकडे पाठ करून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा.

@मेधाताई, १५×७० नका घेऊ. निदान सुरुवातीला नको. तिचं दृश्यक्षेत्र साडेचार अंशांच्या आसपास, वजन सव्वा-दीड किलो. स्टँडशिवाय हात थरथरतो आणि स्टँडवर लावली की डोक्यावरचं बघताना मान मोडते. १०×५० चं क्षेत्र साडेसहा अंशांच्या आसपास म्हणजे ओळीने तेरा पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं. बाबांची ७×५० उत्तम आहे, क्षेत्र आणखी मोठं. तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ७ मिमीचा असतो आणि पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली तेवढी उघडत नाही, त्यामुळे थोडा प्रकाश वाया जातो इतकंच.

दुर्बिणीपेक्षा आधी खाट शोधा. आडवं पडून बघणं आणि उभं राहून बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शंकासुर_२

एक प्रामाणिक प्रश्न, खवचटपणा नाही. अमेरिकेची रडारं दहा सेंमीपर्यंतचं सगळं टिपतात, तीस हजारांच्या वर वस्तूंची यादी त्यांच्याकडे आहे. मग गच्चीवर लोळून ठिपका गेल्याची वेळ लिहिण्याचा उपयोग काय? मजा म्हणून करता असं म्हणालात तर मी गप्प.

लायडनकर

मजा म्हणून करतो. आता गप्प बसा. :)

पण उपयोगही आहे. अमेरिकेची यादी जगजाहीर असली तरी तिच्यात स्वतःच्या हेरगिरी उपग्रहांच्या कक्षा नसतात. त्या कक्षा जगाला कळतात त्या हौशी लोकांच्या नोंदींमधून. २०१० च्या एप्रिलमध्ये अमेरिकी वायुदलाने एक्स-३७बी हे बिनमाणसाचं छोटं विमान वर पाठवलं, कक्षा सांगितली नाही. महिन्याभरात कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हौशींनी ते शोधून काढलं. कुठल्या ताऱ्याजवळून किती वाजता गेलं याच्या नोंदी एकमेकांशी जुळवल्या आणि कक्षा बसवली. आता बरेच जण कॅमेरा वापरतात, पण मूळ रीत दुर्बीण आणि स्टॉपवॉच हीच.

आणि ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे. स्पुटनिक जायच्या आधीच, १९५६ मध्ये, अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी 'मूनवॉच' सुरू केलं. शाळामास्तर, विद्यार्थी, गृहिणी, कोणीही. छोट्या दुर्बिणी एका ओळीत मांडायच्या, प्रत्येकाने आकाशाची आपली पट्टी सांभाळायची, ठिपका रेषा ओलांडताना बटण दाबायचं. व्हिपल यांची वेधशाळा जगभर बारा ठिकाणी उपग्रह टिपणारे मोठे बेकर-नन कॅमेरे बसवणार होती (त्यातला एक पुढे आपल्या नैनीतालला बसला). पण ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक गेला तेव्हा ते तयार नव्हते. पहिल्या नोंदींची भिस्त या हौशींवरच होती.

गच्चीवाल्यांच्या मुद्द्याला पुष्टी म्हणून एक गंमत. स्पुटनिक होता ५८ सेंमीचा गोळा. जगभरच्या लोकांनी अंगणात उभं राहून जो ठिपका पाहिला तो बहुतेकांच्या बाबतीत स्पुटनिक नव्हताच, त्याच्या मागोमाग फिरणारा रॉकेटचा मोठा टप्पा होता. अमेरिकी यादीतही १ नंबर त्या टप्प्याचा, स्पुटनिकचा नंबर २.

शंकासुर_२

हे माहीत नव्हतं. पटलं. (पूर्ण नाही, पण पटलं.)

वैनगंगा

आम्हाला दुर्बीण लागली नाही, भंगार स्वतः भेटायला आलं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास सगळे घराबाहेरच होते. उत्तरेकडच्या आभाळातून पेटत्या निखाऱ्यांची रांग चालली होती, एकामागे एक, आणि चांगली बराच वेळ दिसत राहिली. कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे विमान पेटलं, कोणी क्षेपणास्त्रावर आलं. रात्री कळलं की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मोकळ्या जागेत धातूची भली मोठी कडी पडली, दोन-तीन मीटर व्यासाची. दुसऱ्या दिवशी पवनपारकडे गोळा सापडला. नंतर इस्रोचे लोक येऊन बघून गेले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. वर्षभर घिरट्या घालून आमच्या जिल्ह्यावर उतरला. कोणाला लागलं नाही हे नशीब.

माझा प्रश्न असा की एवढी आग झाली तर कडी नि गोळा शाबूत कसा राहिला?

गच्चीवाला

@वैनगंगा, तुम्ही जे पाहिलंत ते या छंदातल्या भल्याभल्यांना आयुष्यात दिसत नाही.

गोळ्याचं कारण त्याच्या मालात आहे. रॉकेटमध्ये दाबाखाली वायू भरलेल्या ज्या गोल टाक्या असतात त्या टायटॅनियमच्या किंवा वरून कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या असतात. रॉकेटचा बराचसा सांगाडा ॲल्युमिनियमचा, तो ६६० अंशांना वितळतो. टायटॅनियमला १६६० च्या वर जावं लागतं. शिवाय बाहेरचा सांगाडा फुटून ही टाकी सुटी होते तोवर वेग बराच कमी झालेला असतो. जगात कुठेही भंगार पडलं की बातमीत गोळा असतोच, तो यामुळे.

उल्का आणि हे यातला फरकही तुमच्या वर्णनात आलाय. उल्का येते सेकंदाला ११ ते ७२ किमी वेगाने आणि एक-दोन सेकंदांत संपते. कक्षेतून पडणारी वस्तू पावणेआठ-आठ किमीच्या वेगाने जवळपास आडवी येते. त्यामुळे ती सावकाश, मिनिटभरसुद्धा दिसते आणि तुकडे एकाच वाटेने रांगेत चालतात.

नाना_वाडेकर

पोरांनो, तुम्ही स्कायलॅब पाहिलेलं नाही. ११ जुलै १९७९. सत्त्याहत्तर टनांचं धूड, कुठे पडेल ते अमेरिकेलाही नक्की सांगता येत नव्हतं. आमच्या गावात दोन-चार दिवस कोणी पेरणीचं बोलेना. पोल्ट्रीवाल्याची चांदी झाली, कारण 'मरायचंच आहे तर खाऊन मरू'. देवळात नाम सप्ताह लागला. शेवटी पडलं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, एस्परन्सच्या बाजूला. सप्ताहाचं श्रेय बुवांनी घेतलं ते आजतागायत.

त्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडे कोणी अंगाने जाडजूड माणूस दारात आला की 'स्कायलॅब आलं' म्हणायचे.

टवाळ_पाखरू

नाना __/\__

तरीच आमच्या एका आत्याला सगळे स्कायलॅब म्हणायचे. पन्नास वर्षांनी उलगडा झाला.

रणगाडा

चीनला लाजच नाही. दुसऱ्यांच्या डोक्यावर खुशाल टाकतात. आपल्या इस्रोकडून शिकावं.

लायडनकर

@रणगाडा, इस्रोबद्दल आदर मलाही आहे, पण हिशोब सगळ्यांचा लिहू या.

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये पीएसएलव्हीने टीईएस उपग्रह सोडला. त्याचा वर राहिलेला चौथा टप्पा त्याच डिसेंबरमध्ये कक्षेत फुटला आणि तीनशेच्या वर नोंदण्याजोगे तुकडे झाले. कारण उरलेलं इंधन. इस्रोने त्यावरून धडा घेतला, आता काम झाल्यावर टाकीतलं उरलंसुरलं सोडून देतात. चौथा टप्पा अलीकडे खालच्या कक्षेत आणून त्यावर 'पोएम' नावाने प्रयोगही करतात, हे खरोखर कौतुकाचं आहे. २०२३ च्या जुलैमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तांबूस रंगाचं मोठं पिंप लागलं, ते पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं.

मार्च २०१९ ची 'मिशन शक्ती' चाचणी तर सगळ्यांना आठवत असेल. उपग्रह तीनशे किमीच्या आत फोडला, म्हणून बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळून गेले. काही मात्र धडकेने बरेच वर उडाले आणि त्यांना खाली यायला दोन-तीन वर्षं लागली. चीनने २००७ मध्ये हेच ८६५ किमीवर केलं. तीन हजारांवर तुकडे झाले आणि त्यातले बरेचसे अजून वरच आहेत. रशियाने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच, तेव्हा स्थानकातल्या अंतराळवीरांना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं, त्यात दोन रशियनही होते. उंचीचा फरक मोठा आहे, म्हणून मी तिघांना एका मापाने मोजणार नाही. पण 'आपण धुतल्या तांदळासारखे' असंही नाही.

रणगाडा

माहितीबद्दल धन्यवाद. उंचीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, हे तुम्हीच मान्य केलंत. एवढं बास.

संपादक_३

राजकारणाकडे वळू नये ही विनंती. भंगारावरच राहू.

मेधा_आपटीकर

कालपासून बसतेय. हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर गावाचं ठिकाण घालून वेळा काढल्या. अवकाश स्थानक दुर्बिणीत धरणं अशक्य आहे हो, सुर्रकन जातं! एक टाकी मात्र दिसली. पण साडेआठनंतर काहीच नाही. आकाश स्वच्छ असून. असं का?

लायडनकर

पृथ्वीची सावली, मेधाताई. या वस्तूंना स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडे रात्र आणि त्यांच्यावर ऊन, असा सांधा असेल तेवढाच वेळ त्या दिसतात. महाराष्ट्रात सूर्य क्षितिजाखाली जवळपास सरळ उतरतो. अवकाश स्थानक ४०० किमीच्या जरा वर, ते डोक्यावर असताना सावलीत जातं ते सूर्यास्तानंतर साधारण दीड तासाच्या आत. ८४० किमीवरची टाकी दोन तासांपर्यंत उन्हात असते. त्यानंतर बघायचं तर पहाटे उठा.

इथे नेदरलँड्समध्ये उलट. जूनमध्ये मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली १५ अंशांहून जास्त जात नाही, त्यामुळे डोक्यावरची वस्तू रात्रभर उन्हात. अवकाश स्थानक एका रात्रीत चार-पाच वेळा दिसतं. आमच्या लायडन शहरातूनच हौशी निरीक्षक मार्को लँगब्रूक यांनी मे २०१९ मध्ये स्टारलिंकच्या पहिल्या साठ उपग्रहांची माळ टिपली आणि ती चित्रफीत जगभर गाजली.

हेवा करू नका. हबल दुर्बीण आम्हाला कधीच दिसत नाही. तिची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांत, आम्ही ५२ वर, ती आमच्या क्षितिजावर येतच नाही. तुमच्या तर डोक्यावरून जाते.

गच्चीवाला

आणि आमचा जून ढगांखाली. :( महाराष्ट्रात हंगाम ऑक्टोबर ते मे.

वरच्या उत्तरात थोडी भर. संध्याकाळी पूर्वेकडच्या अर्ध्या आकाशावर जास्त लक्ष ठेवा. तिथली वस्तू सूर्याच्या समोर असते, तिची उजळलेली बाजू आपल्याकडे. पश्चिमेकडची वस्तू आपल्याला तिची अंधारी बाजू दाखवते. मात्र सावलीही पूर्वेकडूनच वर चढते. ठिपका चालता चालता अर्ध्यात विझतो, तीही वेळ लिहून ठेवण्यासारखी असते.

स्थानकाच्या मागे दुर्बीण फिरवू नका. डोक्यावर असताना ते सेकंदाला एक अंश सरकतं, म्हणजे सहा-सात सेकंदांत क्षेत्राबाहेर. तरी एकदा धरून बघाच. हात स्थिर असेल तर दहापट मोठं दिसताना तो नुसता ठिपका नाही, काहीतरी लांबट आहे, एवढं कळतं. टाकीचा वेग त्याच्या निम्मा. वस्तूचा पाठलाग करायचाच नसतो. वाटेवरची एखादी ओळखीची जागा आधी धरायची, कृत्तिका म्हणा, ब्रह्महृदय म्हणा, शर्मिष्ठेचा मधला तारा म्हणा, आणि तिथे दबा धरून बसायचं.

नोंदीची रीत सांगतो. ठिपका दोन ताऱ्यांच्या मधून जाताना बघा. ज्या क्षणी तो त्या दोघांना जोडणारी रेषा ओलांडेल त्या क्षणी स्टॉपवॉच दाबा, आणि रेषेचा कितवा भाग तिथे होता ते मनात धरा: वरच्या ताऱ्यापासून एक तृतीयांश, निम्मं, जे असेल ते. मग आत जाऊन मोबाइलच्या घड्याळाचा मिनिट बदलताना स्टॉपवॉच थांबवा आणि मागे मोजा. मोबाइलची वेळ नेटवरून आपोआप जुळणारी हवी. मग स्टेलेरियम या आकाशाच्या नकाशाच्या ॲपमध्ये ते दोन तारे ओळखून जागा काढा. तारे जितके जवळचे, नोंद तितकी चांगली. सरावाने वेळ एक-दोन दशांश सेकंदांत बसते. ज्यांची कक्षा जाहीर आहे अशा टाक्यांवर हात बसवायचा, तुमची नोंद किती चुकली ते लगेच कळतं.

सह्यभटक

माळशेजला मुक्काम होता, ठरल्या जागी दबा धरून बसलो. एका खालच्या कक्षेतल्या टाकीची वेळ आठवड्यापूर्वीची काढून ठेवली होती, नेट नसणार म्हणून. बेटी वीसेक सेकंद आधीच येऊन गेली. हवेने ब्रेक लागतो ना? मग उशिरा यायला हवी होती. आधी कशी?

गच्चीवाला

या प्रश्नाची वाटच बघत होतो.

हवेचा रेटा लागतो, वस्तूची ऊर्जा कमी होते, ती थोडी खाली येते. खालच्या कक्षेत वेग जास्त असतो आणि वर्तुळही लहान. त्यामुळे फेरी लवकर पुरी होते. खाली येताना उंचीची जेवढी ऊर्जा सुटते त्यातली निम्मी घर्षणात जाते आणि निम्मी वेगात भर घालते. ब्रेक दाबल्यावर गाडी पळायला लागते असा हा विचित्र संसार आहे. दर फेरीला सेकंदाचा बारीकसा भाग वाचतो, दिवसाला पंधराएक फेऱ्या, आठवड्यात तुमचे वीस सेकंद सहज.

म्हणून वेळा ज्यांवरून काढतात ते कक्षेचे दोन ओळींचे आकडे ताजे लागतात. आठशे किमीवरच्या वस्तूला आठवडा शिळे चालतात, चारशेच्या खालच्याला दोन दिवसही खूप झाले. सूर्य खवळला की आणखी गोंधळ, कारण वरची हवा तापून फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले, २१० किमीवर असतानाच चुंबकीय वादळ आलं आणि त्यातले चाळीसच्या आसपास वर चढूच शकले नाहीत, जळून गेले.

सह्यभटक, तुमचे वीस सेकंद फुकट नाहीत. ती नोंदच आहे. तेवढ्यावरून त्या उंचीवरची हवा किती दाट आहे याचा अंदाज बांधता येतो. साठच्या दशकात शास्त्रज्ञ हेच करत होते.

सह्यभटक

भारी! म्हणजे मी माळशेजला झोपून वातावरण मोजलं. बायकोला सांगतो.

मेधा_आपटीकर

काल विचित्रच दिसलं. दोन मंद ठिपके, बरोबर एका वेगाने, एकमेकांत अंतर राखून गेले. उत्तरेकडून दक्षिणेकडे. परग्रहवासी म्हणू नका प्लीज.

लायडनकर

परग्रहवासी नाहीत, नौदल आहे. :) अमेरिकी नौदलाचे जहाजांवर नजर ठेवणारे उपग्रह जोडीने फिरतात, अकराशे किमीच्या आसपास, ६३ अंशांच्या कक्षेत. समुद्रावरच्या जहाजाचा रेडिओ संदेश दोघांपर्यंत किती फरकाने पोचतो यावरून जहाजाची जागा काढतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले त्यांचे पूर्वज तिघे असायचे, त्रिकोण करून. तीन ठिपके दिसले तर चीनचे याओगानही असू शकतात, त्यांनीही हीच रचना उचलली.

अमेरिकी जोड्यांच्या कक्षा जाहीर नसतात. @शंकासुर, बघा, मेधाताईंनी सहज गच्चीवरून काय टिपलं.

शंकासुर_२

मी दुर्बीण मागवली आहे. आता तरी माझं नाव घेणं सोडा.

नाना_वाडेकर

गुडघ्यांमुळे मला हे आडवं पडणं नि उठणं जमत नाही. खुर्चीत बसून, न हलता काही बघता येईल का?

गच्चीवाला

नाना, तुमच्यासाठी भूस्थिर उपग्रह. ३६ हजार किमीवर, पृथ्वीबरोबरच फिरतात म्हणून आकाशात जागच्या जागी. एरवी फार मंद असतात. पण वर्षातून दोनदा त्यांच्या सौरपट्ट्या ऊन नेमकं आपल्याकडे परतवतात आणि थोडे दिवस ते पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंत चढतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर हा काळ मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात, वेळ मध्यरात्रीच्या आसपास, उपग्रह सावलीत शिरायच्या जरा आधी किंवा बाहेर पडल्यावर.

दुर्बीण स्टँडवर पक्की करा आणि दक्षिणेकडे ६८ अंश उंचीवर लावा. ७४ अंश पूर्वेचे आपले जीसॅट मुंबई-पुण्याहून जवळपास सरळ दक्षिणेला येतात. डीडी फ्री डिशची तबकडी ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ कडे बघते, तो आग्नेयेकडे आणि जरा खाली येतो. मार्चमध्ये तिथे सिंह-कन्येचा भाग असतो. खुर्ची टाका, बघत बसा. तारे हळूहळू पश्चिमेकडे वाहत जातात आणि एखादा ठिपका हलतच नाही. तो उपग्रह.

नाना_वाडेकर

हे जमेल. मध्यरात्री मी जागाच असतो.

वैनगंगा

मी पण सुरू केलं, आमच्याकडे अंधार चांगला आहे. काल एक ठिपका मिचमिचत गेला, अगदी नियमित. दहा चमका मोजल्या, बावन्न सेकंद भरले. हा चालू उपग्रह की टाकी?

लायडनकर

नियमित मिचमिचणं म्हणजे बहुधा मेलेलं आणि गडगडत चाललेलं. चालू उपग्रहाला तोंड एका दिशेला ठेवावं लागतं. लांबट टाकी आडवी आली की उजळते, टोकाने समोर आली की मंदावते. एका गिरकीत बहुधा दोनदा चमक, म्हणजे तुमच्या टाकीची गिरकी साधारण दहा सेकंदांची. पण दोन्ही बाजू सारख्या नसतील तर एकाआड एक चमक कमी-जास्त असते, ते पुढच्या वेळी बघा.

आणि शक्यतो पहिल्या चमकेला 'शून्य' म्हणून मोजायला सुरुवात करा, 'एक' नव्हे. नाहीतर दहा चमकांत अंतरं नऊच भरतात. तुम्ही कसं मोजलंत?

वैनगंगा

शून्यानेच. शाळेत गणित शिकवते हो मी.

लायडनकर

मग ५.२ सेकंद पक्के. वस्तूचा क्रमांक शोधून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच पुन्हा मोजा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह निर्माण होतात आणि गिरकी वर्षानुवर्षं मंदावत जाते. मध्येच वेगवान झाली तर टाकीतून काहीतरी गळतंय किंवा काहीतरी आदळलंय. बेल्जियममधल्या हौशी गटाने अशा मोजण्या अनेक दशकं जमवल्या आहेत, त्यात भारतातून आलेल्या फार थोड्या असतील. नोंदीचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

गच्चीवाला

व्यनि नको, इथेच टाका. सगळ्यांना लागेल.

लायडनकर

बरं. एका ओळीत, याच क्रमाने: वस्तूचा यादीतला क्रमांक, तारीख, शेवटच्या चमकेची वेळ (जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा), एकूण सेकंद, किती अंतरं मोजली, एका अंतराचे सेकंद, आणि शेवटी शेरा: चमक टोकदार की पसरट, एकसारखी की कमी-जास्त. निरीक्षकाची जागा अक्षांश-रेखांशात एकदाच वर लिहायची.

टवाळ_पाखरू

डोंबिवलीचे अक्षांश-रेखांश कोणी टाका रे. आणि पाण्याच्या टाकीमागे अजून एका खाटेला जागा आहे का ते सेक्रेटरीला विचारून सांगतो.